आहे ना आमच्याकडे हँडिकॅप टॉयलेट!

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशोब नाही. हॉल बघायला लोक येतात ना, किती माणसं बसतात, एसी किती टनाचा, किचन वेगळं आहे का, गाड्या किती लागतील, हे सगळं विचारून झालं की एखादी सूनबाई हळूच विचारते, "आमच्या आजी व्हीलचेअरवर असतात, त्यांना बाथरूमचं कसं?" आणि मी लगेच, आहे ना आमच्याकडे हँडिकॅप टॉयलेट! एकदम ठसक्यात. दारावर निळी पाटी, त्यावर खुर्चीचं पांढरं चित्र, आत कमोड, दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलचे दांडे. २०१८ मध्ये हॉलचं रिनोव्हेशन केलं तेव्हा ठेकेदारानेच सांगितलं होतं की आजकाल हे लागतं, पूर्ण किट येतं, लावून देतो. लावून दिलं. संपला विषय.

आमचा हॉल इंदोरात आहे, जुन्या मराठी वस्तीला लागून. फार मोठा नाही, अडीचशे माणसांची पंगत बसते, मुंजी, बारशी, साखरपुडे, साठीशांत्या, असली कामं जास्त. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी आणि दीर बघतो. दीर पैशाचं बघतात, मी बाकी सगळं, म्हणजे बोलणी खाण्याचं खातं माझ्याकडे.

मागच्या वर्षी एक मुंज होती. बटूच्या वडिलांची आत्या देवासहून आलेली, ऐंशीच्या आसपास वय, व्हीलचेअर, पण काय तरतरीत बाई! नऊवारी, नाकात नथ, सगळ्यांची मापं काढत बसलेली. मातृभोजन झालं, मुहूर्त लागला, भिक्षावळ चालू होती आणि तेवढ्यात त्यांची सून माझ्याकडे आली, बाथरूम कुठेय. मी स्वतः घेऊन गेले, ठसक्यातच गेले. दार उघडलं, खुर्ची आत घालायला लागलो तर दोन्ही बाजूंनी घासायला लागली, आत्यांच्या बोटांची सालटं निघता निघता राहिली. कशीबशी आत गेली. आणि मग दार लागेना. कारण दार आत उघडणारं, आणि आत खुर्ची. खुर्ची आत असेल तर दार उघडं, दार लावायचं तर खुर्ची बाहेर. इतकं साधं गणित, सात वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी त्या टॉयलेटमध्ये फक्त फिनाईलचा वास येतो का ते बघायला जात होते.

मग सुनेने अंगावरची शाल काढली आणि मी एक टोक, तिने एक टोक, असं दारात धरून उभ्या राहिलो. समोरचा पॅसेज म्हणजे केटररच्या पोरांचा हायवे. श्रीखंडाची पातेली, पुऱ्यांच्या पराती घेऊन येऊन जाऊन राहिले होते, मी त्यांना डोळ्यांनीच हाकलत होते. आतून आत्या म्हणाल्या, "राहू दे गं, नको. चला परत." झालंच नाही त्यांचं.

पुढे पंगत बसली. मी वाढपाबरोबर फिरत होते तर आत्यांचं पान तसंच. श्रीखंड तसंच, मठ्ठ्याची वाटी तशीच, पाण्याचा ग्लाससुद्धा भरलेला. मी म्हटलं, अहो आत्या, घ्या ना. तर हसून म्हणाल्या, "देवासला पोचेपर्यंत दम काढायचाय बाई." तो भरलेला पाण्याचा ग्लास माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काही सोडत नाही, आम्ही पण कचरा वेगवेगळा करून गाडीत टाकणारी माणसं, आमचं टॉयलेट पण अगदी लख्ख. लख्ख होतं आणि आत्यांच्या काहीही उपयोगाचं नव्हतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की ते टॉयलेट तोडून नीट करायचं. दीर म्हणाले, बोलावतो मिस्त्री भियाला, दार उलटं लावून देईल. आणि खरं सांगते, मी पण हो म्हणणार होते. पण भाचा आर्किटेक्चर शिकतोय, तो म्हणाला मामी थांब, आधी ॲक्सेस ऑडिट करून घे, त्याची वेगळी माणसं असतात. मला ऑडिट म्हणजे सीए एवढंच माहीत. तर असं आहे की एखादी इमारत दिव्यांग माणसांना, म्हाताऱ्यांना, वापरता येते का हे मोजून, तपासून, लिहून देणारे लोक असतात. दिल्लीत सामर्थ्यम्, स्वयम् अशा संस्था हे काम बरीच वर्षं करताहेत, शिवाय वैयक्तिक काम करणारे आर्किटेक्ट पण आहेत.

शोधायला लागले तर पहिला भेटला तो म्हणाला, मॅडम यायची गरज नाही, चार फोटो व्हॉट्सअॅप करा, सर्टिफिकेट पाठवतो. दुसरा दांडे आणि कमोड विकणाऱ्या दुकानाकडूनच होता, ऑडिट फ्री म्हणे. फुकटचं ऑडिट म्हणजे कोटेशनच असतं हे मला हॉलच्या धंद्यात वीस वर्षं काढून कळतं. तिसऱ्यांनी फोनवर मलाच प्रश्न विचारले. इमारत कधीची, नकाशा आहे का, टॉयलेट कोण साफ करतं, दिवसातून किती वेळा, आणि आम्ही येऊ तेव्हा ती साफ करणारी बाई हजर राहील का. तिथेच मी ठरवलं की हाच माणूस. मी त्यांच्याकडून आधीच्या एका कामाचा रिपोर्ट नमुना म्हणून मागवला, नावं झाकून दिला त्यांनी, त्यात प्रत्येक गोष्टीचा फोटो, माप, काय असायला हवं आणि काय आहे, सगळं होतं. काम झाल्यावर परत येऊन बघणार का हे पण विचारून घेतलं, ते फीमध्येच आहे हे लिहून घेतलं. फी किती ते नाही सांगत, प्रत्येक जागेची वेगळी असते, पण आमच्याकडे एका लग्नाच्या स्टेज डेकोरेशनला लोक जे उडवतात त्याच्या निम्म्याहून कमी, एवढं सांगते.

ते आले भोपाळहून, आणि एकटे नाही आले. त्यांच्याबरोबर त्यांचे सहकारी होते, स्वतः व्हीलचेअर वापरणारे, पाठीच्या कण्याला मार लागलेला, अस्सल मराठी माणूस. दोघांची फी लावली होती आणि दीर आधी त्यावरून कुरकुरले होते, की मोजायला दोन माणसं कशाला. संध्याकाळपर्यंत त्यांची कुरकुर आपोआप बंद झाली.

मला वाटलं सरळ टॉयलेटमध्ये जातील, मी तिथलं दार उघडून उभी! तर ऑडिटर म्हणाले, "मेहमान जहाँ गाड़ी से उतरेगा, वहाँ से शुरू करते हैं." आणि गेटपाशी गेले. आमच्याकडे रॅम्प आहे, तो मुळात केटररच्या ट्रॉलीसाठी केलेला. टेप लावली. जोत्याची उंची अठरा इंच, रॅम्पची लांबी सात फूट. नियम काय तर एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे अठरा इंचाला अठरा फूट लागतात. सहकारी खालून वर बघून म्हणाले, "वहिनी, ही घसरगुंडी आहे. खाली येताना तुमच्या गेटबाहेरच्या चहावाल्याच्या मांडीवर जाऊन बसेन मी." मग हॉलचा उंबरा, दीडच इंचाचा, पण पुढची छोटी चाकं त्याला अडतात. मग पॅसेज, जिथे आम्ही जास्तीच्या खुर्च्यांची चळत, वॉटर कूलर आणि दोन कुंड्या ठेवतो, त्यात कुंड्या माझी हौस. टॉयलेटपर्यंत पोचायलाच त्यांना अकरा मिनिटं लागली, ऑडिटरनी घड्याळ लावलं होतं.

आणि टॉयलेट. बापरे. मी वही घेऊन उभी होते, लिहून लिहून हात दुखला.

दाराची चौकट अठ्ठावीस इंच. मोकळी जागा ९०० मिलीमीटर हवी, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि ती पण चौकट ते चौकट मोजायची नाही, दार उघडल्यावर जेवढी खरी वाट उरते ती मोजायची. दार बाहेर उघडणारं नाहीतर सरकतं हवं, म्हणजे आत कोणी पडलं तर त्याच्या अंगावर दार ढकलायची वेळ येत नाही. कडी कुठे, तर वर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, जी बसलेल्या माणसाने लावायची कशी? आत खुर्ची पूर्ण वळायला दीड मीटरचा गोल मोकळा लागतो. आमची अख्खी खोलीच चार बाय सहा फूट.

कमोड अगदी मधोमध, दोन्ही बाजूंना दांडे, मला ते किती व्यवस्थित वाटायचं, सिमेट्री! सहकाऱ्यांनी समजावलं की खुर्ची कमोडच्या शेजारी लावायची असते आणि मग हातांवर जोर देऊन बाजूने सरकत जायचं, त्याला ते ट्रान्सफर म्हणतात. म्हणजे कमोड एका भिंतीजवळ हवा, त्या भिंतीवर पक्का दांडा, आणि दुसरी बाजू मोकळी, तिथे वर उचलता येणारा दांडा. आमच्याकडे दोन्ही बाजूंना पक्के दांडे, म्हणजे आम्ही कमोडला पिंजऱ्यात घातलेलं. वर ठेकेदाराने "हँडिकॅपसाठी उंच" म्हणून सहा इंचाचा ओटा करून त्यावर कमोड बसवलेला. बसायची उंची ४५० ते ४८० मिलीमीटर हवी, अठरा एकोणीस इंच, म्हणजे खुर्चीच्या गादीएवढी. आमची बावीस भरली. पाय लोंबकळतात, तोल जातो.

मग दांडे. ऑडिटरनी विचारलं, यावर माणसाचं पूर्ण वजन येणार आहे, भिंतीत काय केलंय? मला काय माहीत. ते दांड्याला धरून हळूहळू वजन टाकायला लागले, आणि खट्! टाइलचा तुकडा, चुना, आणि भिंतीतली स्क्रू बसवायची प्लॅस्टिकची गिट्टी, सगळं खाली. टॉवेल वाळवायच्या दांड्याला लागते तेवढीच गिट्टी. मी काहीच बोलले नाही. आत्यांनी त्या दिवशी "राहू दे" म्हटलं ते बरंच झालं म्हणायचं, नाहीतर त्यांनी तो धरला असता.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडली, मूठ. ऑडिटरनी हाताची घट्ट मूठ केली आणि त्या बंद मुठीने नळ उघडायला गेले. आमचा नळ गोल, पिळायचा. नाही उघडला. कडी नाही लागली. फ्लशचं बारीक बटण नाही दाबलं गेलं. ते म्हणाले मुठीने जे चालतं ते संधिवातवाल्याला चालतं, हाताला लकवा असलेल्याला चालतं, लहान पोराला चालतं. घरी येऊन मी सगळ्या घरभर मूठ घेऊन फिरले, सासूबाईंना वाटलं मी चिडले आहे.

आणि मग आपल्याकडचं पाणी! जेट स्प्रे कुठे, तर कमोडच्या मागे डाव्या कोपऱ्यात, बसल्यावर हात पोचायचा प्रश्नच नाही, उभा माणूस फरशी धुवायला वापरेल अशा जागी. फरशी गुळगुळीत, आपल्याकडे टॉयलेट ओलंच असतं, ओल्या फरशीवर कुबड्या सटकतात आणि खुर्चीची चाकं ओली झाली की तेच ओले हात घेऊन पंगतीत बसायचं. हे सहकारी बोलले तेव्हा मला कसंसंच झालं, कारण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं की चाक हाताने फिरवायचं असतं. बेसिनला खाली चिनीमातीचा खांब, गुडघे आत जात नाहीत, म्हणजे खुर्ची लांब आणि नळ अजून लांब. आरसा वर. तोंड धुवून नथ सरळ आहे का बघायचं असेल तर आत्यांना छत दिसलं असतं.

पांढरी टाइल, पांढरा कमोड, पांढरी भिंत, त्यावर पांढरा एलईडी. ज्यांना अंधुक दिसतं त्यांना कमोड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते कळत नाही. उपाय काय तर गडद रंगाची सीट. एवढंच! आणि लाइट सेन्सरवर, वीज वाचवायला मीच लावलेला. सहकारी आत बसले असताना एक मिनिटात अंधार. आतून आवाज, "वहिनी, हात हलवू की दांडा धरू, काय ते एक सांगा!"

इमर्जन्सीची दोरी होती बरं का आमच्याकडे, त्या किटमध्येच आलेली. आमच्या सफाईवाल्या मावशींनी ती गुंडाळून वर खुंटीला बांधून ठेवलेली, भिजू नये म्हणून, चांगल्या मनानेच. ती जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीपर्यंत लोंबायला हवी, कारण पडलेला माणूस ती ओढणार आहे. आणि ओढली तर घंटा वाजते कुठे? शोधत गेलो तर माझ्या केबिनमध्ये, जी कार्यक्रम चालू असताना कुलपात असते. म्हणून मावशींना हजर ठेवायला सांगितलं होतं. त्यांना त्या दिवशी जे कळलं ते मी दहा वेळा ओरडूनही कळलं नसतं.

दीरांचा प्रश्न ठरलेला होता, ते सगळं ठीक, पण हे आपल्याला कंपल्सरी आहे का, आपण काय सरकारी ऑफिस आहोत? ऑडिटर शांतपणे म्हणाले, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा, एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे लोक जिथे येतात जातात अशी कुठलीही, सरकारी असो की खाजगी. नवीन बांधकामाला या नियमांशिवाय परवानगी द्यायची नाही, पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, असं कलम ४४ म्हणतं. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख. मापांसाठी केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की हे नुसते सल्ले म्हणून ठेवून चालणार नाही, सक्तीचे किमान नियम वेगळे काढा. दीरांनी पाच लाख हा आकडा तेवढा वहीत लिहून घेतला. असो, कशाने का होईना.

रिपोर्ट दहा दिवसांनी आला, चाळीस पानी. त्यातलं शहाणपण असं की कामं तीन भागांत वाटून दिली होती. पहिला भाग उद्याच करा, पैसे जवळजवळ शून्य, म्हणजे दोरी सोडा, घंटा बाहेर काउंटरवर आणा आणि त्याला लुकलुकणारा दिवा जोडा, कुंड्या हलवा, सेन्सर काढा, गडद सीट लावा. ते आम्ही खरंच दोन दिवसांत केलं. कुंड्या हलवताना मी जरा रडवेली झाले, पण केलं. दुसरा भाग काही महिन्यांत, नळ, बेसिन, जेट, फरशी. तिसरा तोडफोडीचा. शेजारची झाडू-पोछ्याची खोली आणि एक लेडीज टॉयलेट मिळवून एक मोठी खोली केली, साधारण सात बाय साडेसहा फूट. दांडे लावायच्या भिंतीत आतून पक्कं काँक्रीट भरून घेतलं आणि मिस्त्री भियाला सांगितलं, तू लटकून दाखव मगच पैसे. लटकला. रॅम्पला अठरा फूट सरळ जागा नव्हती म्हणून मध्ये सपाट टप्पा देऊन वळवून घेतला, त्यात दोन स्कूटरचं पार्किंग गेलं आणि दीरांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

काम झाल्यावर दोघे परत आले. मी म्हटलं आता काय चूक काढतील. काढली. खुर्ची लावायची ती मोकळी जागा, जिच्यासाठी अख्खी भिंत पाडली, तिथे मावशींची पोछ्याची बादली आणि झाकणाची कचरापेटी. रिकामी जागा दिसली की आपला हात शिवशिवतोच. आता तिथे फरशीवर पिवळा चौकोन रंगवलाय, तरी आठवड्यातून एकदा तरी बादली सापडतेच, मी फोटो काढून मावशींच्या मुलाला पाठवते, तो त्यांना दाखवतो, त्या मला शिव्या घालतात.

मागच्या महिन्यात देवासहून फोन आला. त्याच घरातलं लग्न आहे वैशाखात, हॉल हवाय. सूनबाई बोलत होती, मी तिला दार किती इंच, सीट किती उंच, सगळं पाठ असल्यासारखं धडाधड सांगत होते, तेवढ्यात मागून आत्यांनी फोन घेतला.

"ते इंच राहू दे. आतून कडी लागते का?"

मी म्हटलं लागते आत्या, खालीच आहे, मुठीने सरकते. आणि काही झालंच तर बाहेरून नाणं घालून उघडता पण येते, तशीच लावलीय मुद्दाम.

जरा वेळ शांतता.

"बाहेरून उघडते ते कोणाला सांगत बसू नकोस," आत्या म्हणाल्या, आणि मग तारखेचं बोलायला लागल्या.